आपला पूर्वज कोणाच्या बाजूने लढला?

‘आमचे पूर्वज पानिपतावर पडले’ हे आपल्याकडे किती अभिमानाने सांगतात! लग्न जमवताना तर हमखास. पण ‘आमचे पूर्वज सांगोल्याच्या किल्ल्यावर लढायला उभे होते’ असं सांगणारं घर मला इथे राहून अजून भेटलेलं नाही. कारण साधं आहे. पानिपतावर समोर परका होता. सांगोल्यात दोन्हीकडे आपलीच माणसं होती. यादवीच ती!

१५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यात छत्रपती शाहू महाराज गेले. ताराराणींचे नातू म्हणून रामराजे गादीवर आले. मग कारभार कोणाच्या हाती, यावरून ताराराणी आणि नानासाहेब पेशवे यांच्यात ओढाताण सुरू झाली. प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव पेशव्यांना न जुमानता आपल्या सांगोल्याच्या किल्ल्यात ठाण मांडून बसले. सदाशिवरावभाऊ रामराजांना सोबत घेऊन फौजेनिशी चालून आले. यमाजींना नमावं लागलं आणि १७५० च्या सप्टेंबरात सांगोल्यातच करार होऊन सत्ता पेशव्यांकडे गेली. पुस्तकात तो एका ओळीत उरकतो. भांडण मात्र मिटलं नाही. नोव्हेंबरात ताराराणींनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं, १७५१ मध्ये दमाजी गायकवाड त्यांच्या मदतीला धावून आले आणि १७५२ मध्ये जेजुरीत समेट झाला.

या सगळ्या धामधुमीत भाला घेऊन उभा असलेला साधा शिलेदार, पाईक कोण होता? तो आपल्याच कोणाचा तरी खापरपणजा असणार ना!

मैत्रिणींनो, त्याचा शोध घरातूनच सुरू होतो. देवघरातले पूर्वजांचे टाक बघा, शेतातली समाधी, गावाबाहेरचा वीरगळ बघा. आपल्या सोलापूर-सांगली-कोल्हापूर भागात हेळवी येतात. दारात आलेल्या हेळव्याला नुसतं धान्य देऊन वाटेला लावू नका. खाली बसवा, चहा द्या, वंशावळ वाचायला लावा आणि वहीत उतरवून घ्या. नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेलात तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या घराण्याची नावं विचारा.

मग कागद. जुने कागद मोडीत असतात आणि १९५० नंतर शाळांमधून मोडी गेली. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना मोडी वाचणाऱ्यांना केवढी मागणी आली, ते आपण पाहिलंच. कागदावरचं साल शुहूर सनाचं असेल तर त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. म्हणजे सन ११५१ दिसलं, तर ते १७५०-५१, आपल्या सांगोल्याच्या कराराचं साल! पुण्यात पेशवे दफ्तर आहे, १९१० पासूनचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ भाग १९३० च्या दशकात छापून निघाले. मोठ्या ग्रंथालयात ते मिळतात.

आमच्या बचत गटातल्या एका मावशींच्या माळ्यावर असंच एक बासन होतं. घर पाडायला काढलं तेव्हा मुलगा म्हणाला, ‘रद्दीत घाल.’ मावशींनी ते पदराखाली घेतलं नि माझ्याकडे आणलं. मोडी जाणणाऱ्या एका गुरुजींनी वाचून दाखवलं. तलवार, लढाई काही निघालं नाही. निघाला जमिनीचा तंटा. नवऱ्यामागे दिराशी भांडून वावर राखणाऱ्या एका बाईचं नाव! वंशावळीत ती कुठेच नव्हती. तिथे फक्त बाप आणि लेक. मावशी कितीतरी वेळ ते नाव पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

म्हणूनच सांगते, लढलेल्या पुरुषाचा माग काढताना त्याच्यामागे राहिलेल्या बाईलाही शोधा. लढाईत पडलेल्याच्या घराला मराठेशाहीत ‘बालपरवेशी’ म्हणून नेमणूक मिळे. अशा कागदांत आई, बायको, पोरंबाळं भेटतात. किल्ला पेशव्यांचा झाला काय किंवा यमाजींचा राहिला काय, चूल तर तिलाच पेटवायची होती.

आणि समजा, आपला पूर्वज हरलेल्या बाजूचा निघाला तर? निघू दे की! ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या बाजूने तो उभा राहिला. समोरच्या फळीत त्याचा मेहुणा, साडूही असेल. आजही भावकीत बांधावरून कोर्टकचेऱ्या चालतात, निवडणुकीत एका घरात दोन झेंडे लागतात. मुलांना फक्त जिंकल्याच्या गोष्टी सांगितल्या, तर घरातलं भांडण मिटवायचं कसं, हे ती कुठून शिकणार? जेजुरीचा समेटही सांगायला हवा.

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरची पेटी आधी उघडा. वाळवी आणि रद्दीवाला, दोघंही वाट बघत असतात!