कोंब शाबूत आहे का?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्या काही तासांत उघड्या पडल्या. माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढवलेली मिरवेल, मधूनच जायफळ; भर दुपारीही जिथे ऊन जमिनीला लागत नसे तिथे आभाळ दिसू लागलं. आडव्या झालेल्या झाडांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. मला लिहायचंय ते उभ्या राहिलेल्या, पण अर्धमेल्या झाडांबद्दल.

माड काय, पोफळ काय, दोघांना वाढीचा कोंब एकच आणि तो शेंड्यात. आंब्याची फांदी मोडली तर शेजारून धुमारा येतो. कुंडीतला पोनीटेल पामसुद्धा (तो नावाचाच पाम) शेंडा गेला तरी खोडातून फुटतो. माडाला ती सोय नाही. पोफळ मधोमध मोडली की संपली; पण सगळ्या झावळ्या पिळवटलेला माडही कोंब शाबूत असेल तर जगतो.

खालून हे कळत नाही. एका वाडीत पाडेली वर चढला आणि त्यानं आधी मधली, अजून न उलगडलेली झावळी धरून ओढली. ती हलली नाही. "काकू, ह्याला राहू द्या," तो वरूनच ओरडला. शेजारच्या माडाची तीच झावळी अलगद हातात आली. बूड तपकिरी, लिबलिबीत. कुजका वास खाली आम्हालाही आला. ही कोंबकूज. वादळामागोमाग पावसाळा लागला होता आणि जखमांत पाणी मुरत होतं. त्यानं कोयतीनं पांढरा, निरोगी भाग लागेपर्यंत कुजकं कोरून काढलं, बोर्डो मलम लावलं (मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर हे त्याचं प्रमाण) आणि पाणी आत जाऊ नये म्हणून वर प्लास्टिक बांधलं.

साफसफाईच्या भरात मोडकी पण हिरवी झावळी तोडू नये. लोंबकळत असली तरी तीच झाडाला अन्न पुरवत असते. वाळलेली तेवढी काढावी. पडलेले ओंडके मात्र वाडीत कुजू देऊ नयेत. त्यात गेंड्या भुंगा वाढतो आणि तोच पुढे जगलेल्या माडाचा कोंब पोखरतो. सोंड्या भुंगा तर ताज्या जखमेतच अंडी घालतो.

पोफळीचं दुखणं निराळं. शेजारणी पडल्या की तिच्या सडपातळ खोडावर पश्चिमेचं ऊन थेट येतं, साल करपते, पुढे खोड चिरतं. म्हणून खोडाला झावळ्या बांधायच्या किंवा चुना फासायचा. श्रीवर्धनी रोठ्याची नवी रोपं लावली तरी त्यांनाही आधी केळीची सावली हवी, आणि सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं जातात. तेवढा काळ घर चालायचं ते वाचवलेल्या झाडांवर.

तीही लगेच देत नाहीत. माडाची पोय शेंड्याच्या पोटात धरल्यापासून नारळ पक्व होईपर्यंत सुमारे ४४ महिने लागतात. वादळानं जी पोय आतच दुखावली, तिची तूट २०२३ सालच्या पाडपातही दिसू शकते. पडलेली झाडं पंचनाम्यात मोजता येतात. उभ्या माडाचं हे नुकसान तेव्हा डोळ्यांना दिसतच नाही. भरपाई ठरवताना त्याची निदान तीन-साडेतीन वर्षं धरली पाहिजेत.