आमचा धर्मग्राम : काल आणि आज

"तू ख्रिस्ती ना? मग मराठी विषय कसा घेतलास?" महाविद्यालयातील पहिल्याच आठवड्यात एका मैत्रिणीने मला विचारले. तिच्या प्रश्नात दुष्टावा नव्हता, पण मला नीट उत्तर देता आले नाही. "आमच्या घरी मराठीच बोलतात," एवढेच मी कसेबसे म्हणाले. ते उत्तर अपुरे होते. ह्या लेखात ते पुरे करण्याचा प्रयत्न करते.

मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातली. आम्हां कॅथॉलिकांचे सारे जीवन 'धर्मग्राम' ह्या संस्थेभोवती फिरते. पॅरिश म्हणतात ती हीच. एक देऊळ (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो), एक प्रमुख धर्मगुरू आणि ठरलेल्या हद्दीतील ख्रिस्ती कुटुंबे मिळून धर्मग्राम होतो. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन ह्यांच्या नोंदी तेथे ठेवतात. मात्र कारभार एकट्या फादरांचा नसतो. १९८३ च्या चर्चच्या कायद्याने प्रत्येक धर्मग्रामाला आर्थिक व्यवहारांसाठी समिती सक्तीची केली आहे, आणि तिच्यात सामान्य माणसे बसतात.

ह्या संस्थेचा इतिहास सरळ नाही. १५३४ साली वसई गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यांच्या आश्रयाने येथे ख्रिस्ती धर्म पसरला. त्यात सेवा होती, तसे आमिष आणि काही ठिकाणी दडपणही होते. ते झाकण्यात अर्थ नाही. पुढे १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. राजाश्रय गेला. सत्तेच्या सावलीत वाढलेले रोप उन्हात जगेल काय, असाच तो प्रश्न होता. ते जगले. पोर्तुगीज येथे दोनशे पाच वर्षे होते. ते गेल्याला आता पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली. म्हणजे आमच्या देवळांनी त्यांच्याशिवायचाच काळ अधिक पाहिला आहे. मधल्या काळात लोकांनी आपली बोली सोडली नाही. सामवेदी, वाडवळी अशा बोली वसईच्या ख्रिस्ती घरांत आजही ऐकू येतात.

बोली घरात होती, पण वेदीवर लॅटिन होती. माझी आजी आता ऐंशीची आहे. ती सांगते, "आम्ही सगळी उत्तरे तोंडपाठ म्हणायचो. अर्थ कोणाला ठाऊक? फादर पाठमोरे उभे असत, आम्ही आपली जपमाळ ओढत बसायचो." १९६२ ते १९६५ ह्या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तिने १९६३ साली उपासनेत लोकभाषा वापरण्यास वाट मोकळी करून दिली, आणि हळूहळू आमची मिस्सा मराठीत होऊ लागली. पहिल्यांदा मराठीत प्रार्थना ऐकली तेव्हा कसे वाटले, असे मी आजीला विचारले. ती म्हणाली, "आधी चुकल्यासारखे वाटले. मग वाटले, देवाला आपले बोलणे कळते तर!"

अर्थात ख्रिस्ती धर्म आणि मराठी ह्यांचे नाते त्याहून जुने आहे. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले. आमच्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षे संपादक होते, आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली ते वारले. त्या मैत्रिणीला मी हे सांगायला हवे होते.

धर्मग्रामाचे कार्य प्रार्थनेपुरते कधीच नव्हते. शेतकऱ्याची सावकाराच्या पाशातून सुटका व्हावी म्हणून १९१८ साली एका धर्मगुरूच्या पुढाकाराने वसईत सहकारी पतपेढी निघाली. तिची आज मोठी बँक झाली आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बांधकामांचा लोंढा आला, तेव्हा फादर दिब्रिटोंसारखे धर्मगुरू 'हरित वसई'च्या चळवळीत रस्त्यावर उतरले. तरीही केळीच्या बागा आणि पानवेली पुष्कळ ठिकाणी गेल्याच. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' म्हणजे सुगीचा सण होतो, तेव्हा वेदीपुढे भाताची कणसे वाहतात. गेल्या वर्षी आमच्या आळीने ती शेजारच्या गावातून मागून आणली, कारण आळीत भात लावणारे कोणी उरलेले नाही.

ह्या बदलाचा चटका मला गेल्या वर्षीच्या एका सभेत बसला. नव्या इमारतींत मंगळूर, केरळ, गोवा येथील कॅथॉलिक कुटुंबे राहायला आली आहेत. त्यांना मराठी समजत नाही. रविवारच्या मराठी मिस्सांपैकी एक इंग्रजीत व्हावी, अशी मागणी आली. मी तावातावाने विरोध केला. तेव्हा आमच्याच गावातील एक बाई उठल्या व म्हणाल्या, "पाहुण्यांचे सोड पोरी, माझ्या नातवालाच मराठी वाचता येत नाही." मी खाली बसले. माझा धाकटा भाऊदेखील इंग्रजी शाळेत जातो आणि मराठी प्रार्थना रोमन लिपीत लिहून घेतो.

अखेर मराठी मिस्सा होत्या तशाच राहिल्या आणि इंग्रजीची एक नवी सुरू झाली. त्या रात्री मी विचार केला. आजीला लॅटिन कळत नव्हती म्हणून परिषदेने दार उघडले. मग मंगळूरच्या बाईला मराठी कळत नसेल, तर ते दार मी कोणत्या तोंडाने लावू? माणसाला त्याच्या भाषेत भेटणे, हेच धर्मग्रामाचे काम आहे. पण त्याच न्यायाने आपल्या मुलांची भाषा आपल्याच हातून निसटू देणे हा अपराधच ठरेल.

म्हणून आता रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर मी अर्धा तास मुलांना मराठी वाचायला शिकवते. आरंभी अकरा मुले होती, पावसाळ्यानंतर सात राहिली. त्यांत माझा भाऊ आहे, आणि केरळहून आलेली एक मुलगीही आहे. तिला कोणी बळेच धाडलेले नाही. परवा तिने फळ्यावर न चुकता 'देऊळ' लिहिले. माझ्या भावाचा 'ऊ' मात्र अजून ऱ्हस्वच आहे.