साष्टीच्या वारशाचा शेजार

मुंबईचा वारसा म्हटले की सीएसएमटी, राजाबाई टॉवर, गेटवे ही नावे आधी येतात. या वास्तू देखण्या आहेत, पण त्यातली सर्वांत जुनीही दीडशे वर्षांच्या आतबाहेरची. दोन हजार वर्षे मागे जायचे, तर अंधेरी-बोरिवलीकडे, म्हणजे जुन्या साष्टी बेटावर यावे लागते. कान्हेरी, महाकाली, जोगेश्वरी आणि मंडपेश्वर ही चारही लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. पण एकाच कायद्याखाली असूनही चौघांची अवस्था सारखी नाही. हा फरक पडला आहे तो शेजारामुळे.

सुरुवात कान्हेरीपासून करू. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, डोंगराच्या अंगावर शंभरावर लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास इथे खोदकाम सुरू झाले आणि हजारेक वर्षे भिक्षूंचा राबता राहिला. कल्याण, सोपारा, चौलच्या व्यापाऱ्यांनी दाने दिली, त्यांचे लेख भिंतींवर आहेत. नवव्या शतकात राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात गौड देशातून, म्हणजे बंगालकडून आलेल्या उपासकाने दिलेल्या दानाची नोंद आहे. लेणे क्रमांक ९० मध्ये इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये येऊन गेलेल्या पारशी मंडळींचे पहलवी लिपीतले लेख आहेत.

तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्याच्या ओसरीतल्या भव्य बुद्धमूर्ती सगळेच पाहतात. तिथून निघाल्यावर पायाखालचा कातळही पाहावा. त्यात बोटभर, वीतभर रुंदीचे चर खोदले आहेत. पावसाचे पाणी त्यातून वाहत विहारांजवळच्या टाक्यांत उतरते. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे आणि पोढी खोदून देणे हे मोठे पुण्यकर्म मानले जाई. डोंगरावर पडलेला थेंब अडवणारी ही योजना आजही उमजते, याचे कारण माथ्यावर जंगल शिल्लक आहे. कान्हेरीला खरे राखले ते या रानाने.

अंधेरी पूर्वेच्या महाकाली लेण्यांना, म्हणजे जुन्या कोंडिविट्याच्या लेण्यांना, तो शेजार लाभला नाही. एका टेकडीवर १९ लेणी आणि खाली चहूकडे वस्ती, रस्ते, कार्यालये. तरीही नवव्या लेण्यात जरूर जावे. आत कातळातच एक गोल खोली कोरली आहे, गवताने शाकारलेल्या झोपडीसारखी. तिच्या बाहेर झुकलेल्या भिंतीला दार आहे, दगडी जाळीच्या खिडक्या आहेत आणि आत स्तूप. अशी गोल कोठडी बिहारमधल्या बराबर डोंगरातल्या लेण्यांची आठवण करून देते. पश्चिम भारतात हा प्रकार फार दुर्मीळ आहे.

जोगेश्वरीचे लेणे सहाव्या शतकातले. घारापुरीच्याही आधीचे हे शैव लेणे भारतातल्या पहिल्या मोठ्या हिंदू लेण्यांपैकी एक असल्याचे वॉल्टर स्पिंक या अभ्यासकाने मांडले. वीस खांबांचा मंडप, मधोमध गाभारा आणि चार दिशांना दारे. या लेण्याच्या माथ्यावरच घरे उभी राहिली. वरचे पाणी, सांडपाणी खडकातून आत पाझरत राहिले आणि कोरीव काम झिजले. अतिक्रमणाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. माथ्यावर राहणाऱ्यांना दोष देऊन भागत नाही, त्यांनाही दुसरे घर मिळाले पाहिजे. पण पाझर थांबला नाही तर मूर्ती उरणार नाहीत, हेही तितकेच खरे.

बोरिवली पश्चिमेचे मंडपेश्वर सत्तांतरांचा आलेखच आहे. मूळ शैव लेणे, आत नटराजाचा शिल्पपट. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी इथे चर्च केले, वर मठ बांधला आणि एक मूर्ती तासून तिथे क्रूस कोरला. पुढे मराठ्यांनी साष्टी जिंकली. आज मठाच्या पडक्या भिंती आणि खालचे लेणे, दोन्ही संरक्षित आहेत. क्रूसही राखायचा आणि नटराजही, ही समज आपल्या कायद्याने दाखवली आहे.

जवळच एक्सरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या नौकांची लढाई कोरलेली आहे. शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यातल्या, १२६५च्या सुमाराच्या संघर्षाशी अनेक इतिहासकार तिचा संबंध जोडतात.

अंधेरी पश्चिमेचा गिल्बर्ट हिल तर माणसाच्याही आधीचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे उभे स्तंभ. भोवतालच्या खाणींनी तो खात खात सुमारे दोनशे फुटांच्या सुळक्यावर आणला. २००७मध्ये पालिकेने त्याला वारसा दर्जा दिला, पण तोवर पायथ्याशी इमारती आल्या होत्या. अमेरिकेतल्या वायोमिंग या विरळ वस्तीच्या राज्यात डेव्हिल्स टॉवर हा असाच स्तंभांचा सुळका आहे. १९०६मध्ये तो त्या देशाचे पहिले राष्ट्रीय स्मारक ठरला, तेही भोवतालच्या हजारावर एकर रानासकट.

घाटकोपर-मुलुंडकडे वारशाचे रूप निराळे. १६ एप्रिल १८५३ची पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला याच वाटेने गेली. आणि मुलुंडमागचा हिरवा उतार त्याच राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, ज्याने कान्हेरीला जपले. तो उतार राखणे हेही वारसाजतनच.

१९५८चा कायदा आणि त्यात २०१०मध्ये झालेली दुरुस्ती सांगते: केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम नाही, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय नाही. पुनर्विकासाच्या या दिवसांत हे अंतर अनेकांना जाचते. जुन्या इमारतींत अडकलेल्या रहिवाशांची अडचण खरी आहे आणि दुरुस्तीच्या परवानग्या वेळेत मिळाल्याच पाहिजेत. पण अंतरच पुसून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे. उलट मीटरच्या हिशेबापलीकडे जाऊन लेण्याच्या माथ्यावरचे पाणी, गटार आणि झाडी यांचा विचार आराखड्यात हवा.

वाचकहो, या दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन यांपैकी एका तरी ठिकाणी जा. तुमची सोसायटी स्मारकाच्या ३०० मीटरच्या आत असेल, तर पुनर्विकासाच्या सभेत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या परवानगीचा विषय तुम्हीच काढा. पुरातत्त्व खाते लेण्याला कुंपण घालू शकते, पण चांगला शेजार आपणच द्यायचा आहे.