नवा संगणक आणि आपले कुलूप

मंडळी, मागच्या आठवड्यात वर्गातल्या एका बाईंनी आम्हांला विचारले, "गुरुजी, माझा लेक मुंबईहून मोबाईलवर पैसे पाठवतो. आता म्हणे क्वांटम संगणक आलाय, तो बँकेची कुलपं फोडणार. खरं काय हो?" प्रश्न मोलाचा होता. आम्ही चौकशी केली. समजले ते सांगतो.

आधी साधा संगणक पाहू. ओटीवरचा दिवा एकतर पेटलेला असतो, नाहीतर विझलेला. साध्या संगणकात असेच कोट्यवधी बारीक दिवे आहेत असे समजा. पेटला म्हणजे एक, विझला म्हणजे शून्य. सारी अक्षरे, सारे हिशेब तो या दोनच खुणांनी लिहितो. आपल्या देशात बनवलेला टिफ्रॅक हा असाच संगणक. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तो १९६० साली चालू झाला.

आता नवा संगणक. अणूसारख्या फार बारीक वस्तूंचे नियम निराळे असतात. तिथला दिवा पेटलेला आणि विझलेला अशा मिश्र स्थितीत राहू शकतो. अशा दिव्याला क्युबिट म्हणतात. पण पाहायला गेलो की तो एकच काहीतरी दाखवतो. एका क्युबिटच्या दोन तऱ्हा, दोहोंच्या चार. पाटीवर पुढे दुप्पट करत जा. सहा क्युबिटच्या चौसष्ट होतात. या साऱ्या तऱ्हांचे मिश्रण एकाच वेळी असू शकते.

मग हा संगणक सगळी उत्तरे एकदम देतो का? नाही. पाहिल्यावर उत्तर एकच मिळते. ते बरोबरच कसे यावे? तळ्यात दोन खडे टाकून बघा. लाटेचा उंचवटा उंचवट्याला मिळाला की पाणी जास्त चढते. उंचवट्यावर खळगा आला की पाणी सपाट होते. या संगणकात चुकीच्या उत्तरांच्या लाटा एकमेकींना मारतात आणि बरोबर उत्तराची लाट वाढते, अशी मांडणी करावी लागते. ती थोड्याच कामांना जमते. बाजाराच्या हिशेबाला साधा संगणकच बरा.

शिवाय क्युबिट फार नाजूक. जराशी ऊब लागली तरी मिश्रण मोडते. म्हणून अशी बरीच यंत्रे उणे २७३ अंशांच्या जवळपास थंडीत ठेवतात. ऑगस्ट २०२४ मध्ये टाटा संस्था आणि संरक्षण खात्याची पुण्यातील प्रयोगशाळा यांनी सहा क्युबिटच्या यंत्राची चाचणी पुरी केली. या विद्येसाठी केंद्र सरकारने २०२३ साली सहा हजार कोटींहून थोडी अधिक रक्कम मंजूर केली आहे.

आता कुलपाचे बघू. १३ गुणिले १७ किती? २२१. सोपे आहे. पण नुसते २२१ देऊन विचारले, 'कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार?' तर डोके खाजवावे लागते. इंटरनेटवरची कितीतरी कुलपे याच युक्तीवर बसवली आहेत. त्यांतल्या संख्या मात्र शेकडो अंकी. साध्या संगणकाला ती फोडायला जन्म पुरत नाही. पुरेसा मोठा क्वांटम संगणक ती झटपट फोडील, हे अमेरिकेतील पीटर शोर यांनी १९९४ साली गणिताने दाखवले.

इतके मोठे यंत्र अजून कोणी केल्याचे जाहीर नाही. तरी शहाणा माणूस पावसाआधी घर शाकारून घेतो. अमेरिकेतील मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०२४ साली नव्या तऱ्हेच्या कुलपांचे नियम जाहीर केले. जगभर जुनी कुलपे हळूहळू बदलावी लागतील. ते काम बँकांचे आणि सरकारचे.

आपले काम वेगळे. आज चोर कुलूप फोडत बसत नाही. तो फोन करून आपल्याकडूनच किल्ली मागतो. कोणी म्हणेल, "क्वांटमचं संकट आलंय, पिन सांगा, ओटीपी सांगा." सांगू नका. फोन ठेवून द्या. तुम्हांला आता वाचता येते. मोबाईलवरचा निरोप स्वतः वाचा आणि मगच बोट लावा.

त्या बाईंना आम्ही हेच सांगितले. त्यांनी मान हलवली आणि पाटी पुढे ओढली.

पाटीवर करा : १४३ हा कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार आहे?