चारशे चौकटी आणि एक ढग

मे महिन्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंडा-चामोर्शी भागात हवामानाचा अंदाज सगळ्यांत कान देऊन कोण ऐकत असेल, तर तेंदूपत्तावाले. पहाटेच्या अंधारात निघायचं, डोंगर तुडवत पानं खुडायची आणि दुपारी घरच्या सगळ्यांनी मिळून ७०-७० पानांचे पुडे बांधायचे. हजार पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी, म्हणजेच ७०,००० पानं. हे पुडे फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागेवर, ओळीने वाळत पडलेले असताना वळवाची एक सर आली की पान काळं पडतं. मग शिव्या बसतात हवामान खात्याला.

शिव्या अगदीच फुकट नसतात. पण जरा आकडे मांडून बघा.

गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा. मे २०२५ मध्ये सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ही हवामान-अंदाजाची प्रणाली जमिनीचे ६ किलोमीटर बाजूच्या चौकटींत तुकडे करते. आधी ही बाजू १२ किलोमीटर होती. म्हणजे पूर्वी अख्ख्या जिल्ह्याच्या शंभर चौकटी पडायच्या, आता चारशे. एका चौकटीला पावसाचा एकच आकडा. त्यात वैनगंगेचं पात्र, मार्कंडेश्वराची देवळं आणि मागचं रान सगळंच आलं.

एवढ्यासाठी पुण्यातला ‘अर्का’ हा महासंगणक राबतो. त्याची ताकद ११.७७ पेटाफ्लॉप्स (सेकंदाला किती गणितं होतात याचं हे माप). देशातल्या १४० कोटी माणसांनी न जेवता, न झोपता सेकंदाला एकेक गणित सोडवलं, तर त्याचं एका सेकंदाचं काम उरकायला त्यांना ९७ दिवस लागतील. स्कॉटलंडच्या डोंगरातल्या एस्कडेलम्यूर वेधशाळेत काम केलेल्या लुईस रिचर्डसनने १९२२ साली हिशेब मांडला होता की, हवामानाच्या बरोबरीने गणित करत राहायला ६४,००० माणसं पुरतील. त्याने स्वतः सहा तासांचा अंदाज हाताने काढला. त्याला सहा आठवडे लागले आणि उत्तर साफ चुकलं! तरी पठ्ठ्याने ते पुस्तकात छापलं, हे मला फार आवडतं.

आता ढगाकडे या. वळवाचा ढग पाच-दहा किलोमीटर रुंद, बारा-पंधरा किलोमीटर उंच आणि आयुष्य तासाभराचं. त्याने एका चौकटीवर २५ मिलिमीटर पाऊस पाडला तर ते पाणी ९० कोटी लिटर होतं. तेवढ्या वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते, तेवढी ऊर्जा वीज म्हणून द्यायला चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र पूर्ण क्षमतेने जवळपास नऊ दिवस चालवावं लागेल. आणि एवढा सगळा खेळ नकाशावरच्या एका ठिपक्यात. मार्कंड्याला झोडपून काढलं आणि चामोर्शीत धूळ उडतेय, हे घडतं ते यामुळेच.

खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. ढोबळमानाने चारशेपैकी शंभर चौकटी भिजल्या तरी अंदाज खरा ठरतो. उरलेल्या तीनशे चौकटींतली माणसं मात्र त्याला खोटा म्हणतात. भिजलेल्यांचीही तक्रार असतेच, कारण त्यांना ‘तुरळक’ म्हणजे आपण नव्हे असं वाटलेलं असतं.

विजेचं तर विचारूच नका. मार्कंड्याच्या मुख्य देवळाचं शिखर पूर्वी वीज पडूनच ढासळलं. विजेची वाट जेमतेम काही सेंटिमीटर रुंद, तापमान ३०,००० अंशांच्या घरात. सहा किलोमीटरच्या चौकटीतून ती कुठे उतरेल हे सांगणं म्हणजे चौकटीच्या लाख-दोन लाखपट बारीक गोष्ट शोधणं. पुण्यातल्या ज्या संस्थेत ‘अर्का’ आहे, तिचंच ‘दामिनी’ ॲप तो नाद करत नाही. तुमच्या भोवती २० ते ४० किलोमीटरच्या परिघात धोका आहे, एवढंच ते थोडा वेळ आधी सांगतं.

समजा अर्धा तास मिळाला. १,८०० सेकंदांत एका गोणीचे हजार पुडे गोळा करून ताडपत्रीखाली घालायचे, तर एका हाताला पुड्यामागे दोन सेकंदही मिळत नाहीत. आणि फळीवर गोणी एकच नसते.