चोराला हद्द नसते, आकड्यालाही नसते

बोईसर स्टेशनच्या फलाटावर कुणाचा फोन मारला गेला, तर गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे. तोच फोन चार पावलं पुढे, स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडवर मारला गेला, तर बोईसर पोलीस ठाण्याकडे. चोरटा लोकलने वैतरणा खाडी ओलांडून विरारला उतरला, की तो मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोहोचला. उलट्या दिशेने गेला, तर घोलवड, बोर्डी रोड आणि मग उंबरगाव. तिथले पोलीस गुजरातचे. महामार्गाने तलासरीपर्यंत जाऊन उजवीकडे आत शिरला, तर सिल्वासा, म्हणजे केंद्रशासित प्रदेश. शिवाय तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या कुंपणाशी सीआयएसएफ, रेल्वेच्या मालमत्तेसाठी आरपीएफ, किनाऱ्यावर सागरी पोलीस आणि त्यांच्यापुढे पाण्यात तटरक्षक दल व नौदल.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला ८ तालुक्यांचा पालघर जिल्हा म्हणजे हद्दींची गोधडीच आहे. तिचे टाके जुने आहेत. जव्हार हे १९४८ पर्यंत संस्थान होतं. पलीकडचं दादरा-नगर हवेली १९५४ पर्यंत आणि दमण १९६१ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं. इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात चोरी करून पळणाऱ्याला तेव्हा दुसरं संस्थानच काय, दुसरं साम्राज्यही जवळ होतं. आज साम्राज्यं गेली, पण करांतला फरक उरला. दमण बनावटीची दारू चोरवाटांनी तलासरी-डहाणूकडे येते आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाची भरारी पथकं तिच्या मागावर असतात.

तडीपारीचंच पाहा. १९५१च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याने एखाद्याला जास्तीत जास्त २ वर्षं जिल्ह्याबाहेर, लगतच्या जिल्ह्यांबाहेरही घालवता येतं. पण हा हुकूम राज्याच्या सीमेपाशी थांबतो. पालघरमधून तडीपार झालेला माणूस उंबरगावात खोली घेऊन राहिला, तर तिथल्या ठाणे अंमलदाराला तो कोण हे कळायचं कसं? पूर्वी उत्तर एकच होतं: कुणीतरी कळवलं तर. बिनतारी संदेश, ‘पाहिजे’ म्हणून पाठवलेले फोटो, सीमेवरच्या ठाण्यांच्या बैठका, आणि त्याहून कामाची गोष्ट म्हणजे इकडच्या हवालदाराची तिकडच्या जमादाराशी असलेली ओळख. ती ओळख बदलीबरोबर जायची.

माहिती कमी होती, असं नव्हे. दोन्हीकडच्या कपाटांत ती भरलेली होती. अडचण होती ती जुळवण्याची. एकाच माणसाचं नाव इकडे मराठीत, तिकडे गुजरातीत, रेल्वेकडे इंग्रजीत. कुठे वडिलांचं नाव पुढे, कुठे आडनावच नाही, कुठे सांगितलेलं नाव मुळातच खोटं. कागदावर ती तीन माणसं होतात. म्हणून सगळ्या दलांनी मिळून एक वेगळीच युक्ती धरली आहे: नावावर विसंबायचं नाही. माणसाला किंवा वस्तूला एक असा आकडा द्यायचा किंवा शोधायचा, जो हद्द ओलांडल्यावरही तोच राहील.

तुमच्या हातातल्या फोनमध्ये असा आकडा आहे. *#०६# दाबा, १५ आकड्यांचा आयएमईआय क्रमांक पडद्यावर उमटेल. दोन सिमचा फोन असेल तर दोन क्रमांक. पहिले ८ आकडे फोनचं मॉडेल सांगतात, पुढचे ६ त्या मॉडेलमधला तुमचा नेमका संच. पंधराव्याची गंमत मात्र न्यारी आहे. तो काहीच सांगत नाही. तो फक्त राखण करतो. उजवीकडून सुरुवात करून पहिल्या १४ आकड्यांतल्या एकाआड एक आकड्यांची दुप्पट करायची, दुप्पट दोन अंकी आली तर तिचे अंक मिळवायचे, मग सगळ्यांची बेरीज करायची. ती बेरीज दहाच्या पटीत नेण्यासाठी जेवढे कमी पडतात, तेवढा पंधरावा आकडा. ही पद्धत आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांची. त्यांना तिचं पेटंट १९६० मध्ये मिळालं. पोलीस ठाण्यात टंकताना एक आकडा चुकला की ही बेरीज बिनसते आणि संगणक तिथल्या तिथे सांगतो, पुन्हा बघा. याहून मजेची गोष्ट अशी, की फोन मोबाईल कंपनीच्या टॉवरशी बोलतो तेव्हा हा पंधरावा आकडा पाठवतच नाही. यंत्राला त्याची गरज नाही. तो माणसाच्या चुकणाऱ्या बोटांसाठी ठेवलेला आहे.

आता याच आकड्याचा प्रवास बघा. सिम बदललं तरी आयएमईआय बदलत नाही, कारण तो सिमचा नाही, फोनच्या यंत्राचा. फोन चालू झाला की तो जवळच्या टॉवरमार्फत कंपनीच्या जाळ्यात नोंद करतो आणि त्या नोंदीत हा क्रमांक असतो. दूरसंचार विभागाने सगळ्या कंपन्यांसाठी मिळून सीईआयआर नावाची एक मध्यवर्ती वही उघडली. तिची सुरुवात १३ सप्टेंबर २०१९ रोजी झाली, ती महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेलीत. म्हणजे तलासरीहून सिल्वासाकडे जाताना जी सीमा लागते, तिच्या दोन्ही बाजू पहिल्याच दिवसापासून या वहीत होत्या. पुढे मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ पोर्टलबरोबर ती देशभर खुली झाली.

फोन हरवला, की पोलिसांत तक्रार द्यायची, तिची प्रत, फोनचं बिल आणि आयएमईआय पोर्टलवर भरायचा. तो क्रमांक काळ्या यादीत जातो आणि सगळ्या कंपन्यांच्या जाळ्यांत बंद होतो. पुढे कुणी त्या फोनमध्ये, भारतात कुठेही, कुठल्याही कंपनीचं सिम घातलं, की त्या प्रयत्नाची नोंद उमटते आणि पोलिसांपर्यंत पोहोचते. बोईसरला गेलेला फोन गोरखपूरला चालू झाला तरी. फोन परत देण्याचे जे कार्यक्रम पोलीस आता घेतात, त्यांच्यामागे हेच यंत्र आहे. आयएमईआय खोडून नवा घालणारेही आहेत. म्हणून २०२३च्या दूरसंचार कायद्याने असा फेरफार करणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

फोनला जसा आयएमईआय, तसा माणसाला बोटांचा ठसा. ठशांतलं नवल पूर्वीपासूनचं आहे. जगातलं पहिलं ठसे कार्यालय १८९७ मध्ये कोलकात्यात निघालं आणि ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा हात होता. पण कागदावरचा ठसा दुसऱ्या राज्यात पाठवायचा म्हणजे टपाल आलं आणि महिने आले. संगणक ठशाचं चित्र तसंच्या तसं जुळवत बसत नाही. त्वचेवरची रेषा कुठे संपते, कुठे दुभंगते, एवढेच बिंदू तो उचलतो. प्रत्येक बिंदूची जागा आणि रेषेचा कोन टिपतो. अख्खं बोट अशा काही डझन बिंदूंची भूमिती होऊन बसतं. भूमितीला भाषा नसते, म्हणून तिची तुलना मराठी, गुजराती असा फरक न करता होते. महाराष्ट्राने ‘अंबिस’ ही यंत्रणा उभारून ठशांबरोबर चेहरा आणि डोळ्यांतली बुबुळंही जोडली. १७ ऑगस्ट २०२२ रोजी ‘नाफिस’ या देशव्यापी ठसे यंत्रणेचं उद्घाटन झालं. तिच्यात अटक झालेल्या प्रत्येकाला १० आकड्यांचा राष्ट्रीय क्रमांक मिळतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे असतात. नाव बदललं, दाढी वाढवली, राज्य बदललं, क्रमांक तोच. उद्घाटनाआधीच, त्याच वर्षी एप्रिलमध्ये, मध्य प्रदेश पोलिसांनी एका अनोळखी मृतदेहाची ओळख नाफिसवरून पटवली. तारापूर एमआयडीसीत देशभरातून पोटासाठी माणसं येतात आणि रुळांवर बेवारस मृतदेह सापडणं या पट्ट्याला नवं नाही. अशी ओळख पटण्याचा अर्थ काय, हे इथल्या लोहमार्ग पोलिसांना वेगळं सांगायला नको. मात्र ज्याचे ठसे कधी घेतलेच गेले नाहीत, त्याला हे जाळं ओळखत नाही.

या सगळ्याला जोडणारा धागा म्हणजे सीसीटीएनएस, पोलीस ठाण्यांच्या नोंदींचं देशव्यापी संगणकीय जाळं. २६/११च्या हल्ल्यानंतर, २००९ मध्ये, केंद्राने २ हजार कोटी रुपयांच्या या योजनेला मंजुरी दिली. आज १७ हजारांहून अधिक पोलीस ठाणी तिने जोडलेली आहेत. कासा ठाण्यातली फिर्याद, अटक, आरोपपत्र त्याच जाळ्यात जातं ज्यात वलसाडचं जातं. जगातही हाच रस्ता आहे. अमेरिकेत एफबीआयने १९६७ मध्ये सगळ्या राज्यांसाठी एक सामाईक नोंदकोश उघडला. युरोपात १९९५ मध्ये काही देशांनी आपसांतल्या सीमांवरची तपासणी उठवली, तेव्हा त्याच दिवशी पोलिसांची सामाईक माहिती यंत्रणा सुरू केली. दरवाजे उघडायचे तर वही एक हवी, एवढं त्यांना आधीच उमगलं होतं.

वहीइतकाच वेगही महत्त्वाचा. मोखाड्याच्या पाड्यावरून कुणी ११२ फिरवला, तर तो कॉल आधी नवी मुंबईत महापे इथल्या केंद्रात किंवा नागपुरातल्या दुसऱ्या केंद्रात जातो. तिथे फोन करणाऱ्याचं ठिकाण नकाशावर उमटतं आणि जवळच्या पोलीस गाडीतल्या पडद्यावर पाठवलं जातं. म्हणजे मदतीची हाक सह्याद्रीच्या कुशीतून समुद्राकाठच्या शहरात जाऊन पुन्हा कुशीत येते, आणि हे होतं ते फोन कानाला असतानाच. स्मार्टफोनचं पॉवर बटण लागोपाठ ३ वेळा दाबलं, तरी ही हाक जावी अशी सोय फोनमध्येच घालण्याचं बंधन कंपन्यांवर आहे.

आणि आता खुद्द कायद्यातच मोबाईल आला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे, आणि ते शक्यतो मोबाईल फोनवर करावं असं कलम १०५ सांगतं. त्याच संहितेच्या कलम १७३ने गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी फिर्याद घ्यावी लागते. ‘ही आमची हद्द नाही’ हे वाक्य कायद्याने बाद केलं. फलाटावरचा प्रवासी आता बोईसर ठाण्यातही तक्रार देऊ शकतो. ती लोहमार्ग पोलिसांकडे पाठवणं हे ठाण्याचं काम.

समुद्रावर मात्र टॉवर नाहीत. २००८ मध्ये ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी नौका बळकावून २६/११चे हल्लेखोर मुंबईकडे आले. वरून पाहणाऱ्याला ती शेकडो नौकांतली एक. त्यानंतर किनारी सुरक्षेचे ‘सागर कवच’ सराव सुरू झाले, आणि २०१४ मध्ये नौदलाने गुरुग्रामला असं केंद्र उघडलं, जिथे किनाऱ्यावरच्या रडारांची आणि जहाजांच्या ओळख-संदेशांची माहिती एकाच नकाशावर येते. पण डहाणू-सातपाटीच्या छोट्या होड्या त्या नकाशावर दिसायच्या कशा? ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमधल्याच कार्यक्रमात, वाढवण बंदराच्या पायाभरणीबरोबर, मासेमारी नौकांवर इस्रोने विकसित केलेले एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू झाली. टॉवर नसेल तिथे उपग्रहाशी बोलायचं, दोन्ही बाजूंनी. वादळाचा इशारा नौकेवर येतो आणि संकटाची हाक नौकेवरून जाते. संशयित नौका दिसली तर नाखव्याने किनाऱ्यावर आल्यावर सांगण्याची वाट बघायला नको. एरवी सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक आहेतच.

मोबाईलवरून सर्वांत वेगाने पसरते ती पोलिसांची माहिती नव्हे, हे मात्र पालघरने फार महाग किंमत देऊन पाहिलं आहे. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत, कासा ठाण्याच्या हद्दीत गडचिंचले इथे जमावाने तिघांची हत्या केली. चोर, मुलं पळवणारे फिरत आहेत, अशा अफवा त्याआधी फोनाफोनीने पाड्यापाड्यांत पोहोचल्या होत्या. गाव दादरा-नगर हवेलीच्या सीमेलगतचं. म्हणजे माहिती हद्द ओलांडून झपाट्याने गेली होती; फक्त ती खोटी होती.

म्हणूनच या यंत्रणांकडे बघताना अचंब्याबरोबर थोडी सावधगिरीही हवी. २०२२च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने ठसे आणि इतर मोजमापं ७५ वर्षं जपून ठेवता येतात. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये एकमताने सांगितलं आहे. बोटांची भूमिती जुळली तरी शेवटचं मत संगणकाचं नसतं; तो संभाव्य जुळण्यांची यादी देतो आणि ठसेतज्ज्ञ डोळ्यांनी पाहून ठरवतो. आयएमईआयमधला एक आकडा चुकला तर पंधरावा ते पकडतो. संशय चुकला तर पकडणारा असा आकडा कुणी अजून शोधलेला नाही. ते काम ठसेतज्ज्ञाचं, फिर्याद लिहिणाऱ्या हवालदाराचं आणि शेवटी न्यायालयाचं आहे. आणि व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर पुढे पाठवताना ते आपलंही आहे.