तरुण पिचरची पारख : एका अहवालाचे व्याकरण

बेसबॉल या अमेरिकन खेळात मुख्य लीगच्या खाली मायनर लीग नावाची एक लांबलचक शिडी असते. २०२१ पासून मुख्य लीगच्या ३० संघांना प्रत्येकी चार, असे १२० संघ या शिडीवर असून सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए व ट्रिपल-ए अशा तिच्या चढत्या पायऱ्या आहेत. त्यांच्याही खाली अगदी नवशिक्यांच्या लीगा आहेत. अठरा-एकोणीस वर्षांचा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू, या शिडीच्या तळाशी येतो. चार-पाच वर्षांनी तो कोठे असेल हे सांगण्याचे काम 'स्काउट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पारख्यांचे असते. त्यांचे अहवाल भाषेच्या अभ्यासकानेही पाहावेत असे आहेत. त्यांतील फसगत पुष्कळदा नजरेची नसते, व्याकरणाची असते.

मराठी व्याकरणात क्रियापदाचे 'अर्थ' सांगितले आहेत, ते येथे आठवावेत. 'मुलगा वेगाने फेकतो' हा स्वार्थ. 'मुलगा पुढे आणखी वेगाने फेकू लागावा' हा विध्यर्थ. 'अंगाने भरलेला असता तर पहिल्या क्रमांकाचा ठरला असता' हा संकेतार्थ. स्काउटच्या अहवालात ही तिन्ही प्रकारची विधाने शेजारीशेजारी येतात, आणि ती वाचणारा अधिकारी बहुधा सर्वांना एकाच मापाने मोजतो.

अहवालाची श्रेणी २० ते ८० अशी असते. ५० म्हणजे मुख्य लीगमधील सरासरी. दहा गुणांचा फरक म्हणजे संख्याशास्त्रातील एक प्रमाण विचलन, असे ढोबळपणे मानतात. प्रत्येक प्रकारच्या चेंडूला दोन आकडे मिळतात, एक आजचा व एक पुढचा. वळणाऱ्या चेंडूपुढे '४०/५५' असे लिहिलेले असेल, तर तो आज सरासरीहून बराच खाली आहे व पुढे थोडा वर जावा, असा त्याचा आशय. पहिला आकडा पाहिलेल्या गोष्टीविषयी आहे, दुसरा अपेक्षेविषयी. कागदावर मात्र दोन्ही अंक सारख्याच शाईत, सारख्याच ठामपणे उमटतात.

परिभाषेतही अशीच एक मेख आहे. 'कंट्रोल' आणि 'कमांड' या दोन शब्दांना मराठीत आपण सरसकट 'नियंत्रण' म्हणून मोकळे होऊ. पण पारख्यांच्या बोलीत ते समानार्थी नाहीत. फेकण्याची जागा फलंदाजापुढील तळपाटापासून ६० फूट ६ इंच दूर असते. या पाटावर, सुमारे गुडघ्यापासून छातीपर्यंत, स्ट्राइकचे क्षेत्र कल्पिलेले असते. त्या क्षेत्रात चेंडू टाकता येणे म्हणजे कंट्रोल; त्यातील ठरविलेल्या कोपऱ्यातच टाकता येणे म्हणजे कमांड. पहिल्यास 'ताबा' व दुसऱ्यास 'हुकमत' म्हणावे असे मला वाटते. चेंडूचा वेग व वळण यांना मिळून ते 'स्टफ' म्हणतात. त्याला आपला 'ऐवज' हा शब्द बराच जवळचा आहे. ऐवज एका दुपारी दिसतो, ताबा काही आठवड्यांत कळतो. हुकमतीला मात्र हंगाम लागतात.

स्टीव्ह डाल्कोव्स्की या डावखुऱ्या पिचरची हकीकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १९५७ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सने त्याला घेतले तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्याच्याइतका वेगवान पिचर आपण पाहिला नाही, असे सांगणारे अनेक होते. किंग्जपोर्ट येथे पहिल्याच हंगामात ६२ इनिंगांत त्याने १२१ फलंदाजांना तीन स्ट्राइकवर बाद केले. आणि १२९ जणांना, चार-चार चेंडू क्षेत्राबाहेर टाकून, पहिला तळ फुकट दिला. १९६० मध्ये स्टॉकटन येथे १७० इनिंगांत हे दोन्ही आकडे २६२ असे नेमके समान आले. त्याच्या ऐवजापुढे ८० लिहिण्यास कोणाची हरकत नसती. ताब्यापुढे २० लिहिण्यासही नसती. प्रश्न दुसऱ्या आकड्याचा होता. १९६२ मध्ये एल्मायरा येथे व्यवस्थापक अर्ल वीव्हर याने त्याला दोनच प्रकारचे चेंडू टाकावयास व मधोमध नेम धरावयास सांगितले. त्या वर्षी १६० इनिंगांत ११४ फुकट तळ व १९२ बाद अशी नोंद आहे. नऊ इनिंगांमागे फुकट तळांचे प्रमाण १३.९ वरून ६.४ वर आले. बाद करण्याचे प्रमाण १३.९ वरून १०.८ पर्यंतच घसरले. अपेक्षेचा आकडा खरा ठरू लागला होता. मार्च १९६३ मध्ये त्याचे कोपर दुखावले. मुख्य लीगमध्ये तो एकदाही खेळला नाही. कोपराचा स्नायुबंध नव्याने बसविण्याची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी प्रथम केली ती १९७४ मध्ये.

आकडे वाचतानाही संदर्भ सोडून चालत नाही. आल्बुकर्क सुमारे ५,००० फूट उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत फटका दूर जातो व चेंडू कमी वळतो, म्हणून तेथे दिलेल्या धावा पिचरच्याच माथी मारणे अन्यायाचे होते. खालच्या पायऱ्यांवर क्षेत्ररक्षणही कच्चे असते. वयाचे महत्त्व तर याहून मोठे : चोविसाव्या वर्षी सिंगल-एमध्ये मिळविलेले यश आणि एकोणिसाव्या वर्षी डबल-एमध्ये धडपडून टिकणे यांत दुसरेच अधिक बोलके आहे. डबल-एमधील फलंदाज क्षेत्राबाहेर पडणाऱ्या वळत्या चेंडूला सहसा भुलत नाहीत. त्यामुळे एकाच फसव्या चेंडूवर वर आलेला मुलगा तेथे उघडा पडतो.

उलट बाजूचे उदाहरण ग्रेग मॅडक्स याचे. १९८४ मध्ये शिकागो कब्जने त्याला दुसऱ्या फेरीत निवडले. त्याच्याविषयीच्या एका अहवालात वर दिलेल्या संकेतार्थासारखेच विधान होते : शरीरयष्टी थोडी भरीव असती, तर देशात हा पहिला ठरला असता. तो २००८ पर्यंत खेळला, ३५५ सामने जिंकला, आणि ५,००० हून अधिक इनिंगांत त्याने फुकट दिलेले तळ ९९९ होते. 'जर'मागील उणीव डोळ्यांना दिसत होती. तिचा त्याच्या हुकमतीशी संबंध नव्हता, इतकेच.

भारतीय वाचकाला या विषयाचा एक धागा ठाऊक असेल. २००८ मध्ये भारतात झालेल्या 'मिलियन डॉलर आर्म' या स्पर्धेतून उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग व दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू पुढे आले, आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. स्पर्धेत मोजला गेला तो वेग व नेम. म्हणजे ऐवजाचा एक अंश व ताब्याचा एक अंश. पुढचा आकडा लिहिण्यास आधार असा नव्हताच, कारण दोघांनीही हा खेळ पूर्वी खेळलेला नव्हता. पटेल २०१० मध्ये करारमुक्त झाला. सिंग आणखी काही हंगाम खालच्या पायऱ्यांवर टिकला, मग दुखापतींनी अडला, आणि २०१८ मध्ये व्यावसायिक कुस्तीकडे वळला.